वगळलेलं पान

घरी आलेल्या बाईला पाणी विचारायचं सोडून निशांत लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसला होता. त्याच्या बापाबरोबर बेळगोळच्या कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर फुटून गेलेल्या कृष्णमूर्तीची बायको ती, सुमा. सोफ्याच्या कडेवर, कुणी ऊठ म्हणेल की काय, अशी बसलेली. शेवटी इंदिराबाईंनीच पाणी आणलं आणि नातवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमच्याकडं शिकलेल्यांना माणसं दिसत नाहीत. नंबर वाढलाय चष्म्याचा."

सुमा हसली नाही.

"बघ की रे परत एकदा," ती निशांतला म्हणाली. "बन्नूरची माणसं माझ्या चंदनाला बघून गेली. पोरगी पसंत आहे. पण कुणी तरी त्यांच्या कानावर घातलंय, हिच्या बापानं दारू पिऊन बॉयलर फोडला म्हणून. चौकशीत काय निघालं ते पेपरात आलं होतं. माझ्याकडचं कात्रण ओलीनं गेलं, पेपरही बंद पडला. जुने अंक तुमच्या कंपनीच्या त्या शोधायच्या यंत्रातच मिळतात म्हणे. पण फोनवर ते येतच नाही बघ."

"नाही सापडत, मावशी." निशांतनं मान वर केली नाही. "जुनं आहे. सगळं कुठं चढवलेलं असतं?"

तेवढ्यात लॅपटॉप वाजला. त्याला हेडफोन सापडेपर्यंत ऑफिसातल्या मृण्मयीचा पुणेरी आवाज खोलीभर झाला.

"निशांत, त्या चंदनाची तक्रार आठवते? बेळगोळच्या बॉयलरची बातमी मिळत नाही म्हणून? मी बग समजून शोधत बसले. बग नाहीये तो. बातमी आपल्याकडे आहे. तेवढं एकच पान वगळा, अशी ओळ कोडमध्ये घातलेली आहे, मागच्या दुरुस्त्यांबरोबर. आणि ओळीवर नाव तुझं आहे. वर कळवायच्या आधी तुला विचारते, काही कारण आहे का?"

"नंतर बोलतो," म्हणत त्यानं लॅपटॉप मिटला.

सुमानं हातातलं भांडं टीपॉयवर ठेवलं. अजिबात आवाज होऊ न देता.

"कसली ओळ?" इंदिराबाईंनी विचारलं.

"आत चल आज्जी, सांगतो."

"हिच्यासमोर सांग."

निशांतनं आवाज खाली आणला. "बाबांचं नाव टाकलं की पहिलं तेच पान यायचं. वर फोटो. ऑफिसात बघायचे, गल्लीत बघायचे. देवळात तुला कुणी काही बोलेल म्हणून काढलं. तुझ्यासाठी केलं ते."

"काय लिहिलंय त्यात?"

इंदिराबाईंना सहीपुरती अक्षरं येत. मुलगा शिवप्रसाद गेला तेव्हा घरात सगळ्यांनी त्यांना एकच शब्द सांगितला होता, अपघात. त्यांनीही दुसरा मागितला नव्हता.

"वाच."

निशांतनं लॅपटॉप उघडला. बातमी कानडीत होती, तो हळू वाचत गेला. माल वेळेत काढायचा म्हणून शिवप्रसाद यांनी बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला तार आवळली होती. वाफ कोंडली. कृष्णमूर्ती गेटापर्यंत सुखरूप आले होते. शिवप्रसाद आतच आहेत हे कळल्यावर ते परत आत गेले.

"ते शेवटचं पुन्हा वाच," इंदिराबाई म्हणाल्या.

त्यानं पुन्हा वाचलं.

त्या सुमाकडं वळल्या. "तुला ठाऊक होतं हे?"

"होय, आक्का."

"आणि इतकी वर्षं तोंड उघडलं नाहीस?"

"काय उघडायचं? तुमचाही मुलगाच गेला की."

इंदिराबाई भिंतीवरच्या शिवप्रसादच्या फोटोकडं बघत नव्हत्या. खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "काढ ती ओळ."

"काढली तर सगळ्यांना दिसेल, आज्जी. आणि मृण्मयी वर सांगणारच. माझी नोकरी राहणार नाही."

सुमा उठली. "राहू द्या, आक्का. साकु, पुरे झालं. पोराचं नुकसान नको. मी बन्नूरच्यांना तोंडी सांगते."

"बस खाली. बायको नवऱ्याचं चांगलंच सांगणार, म्हणतील. कोण ऐकतंय तुझं?"

निशांतची बोटं कीबोर्डवर चालली, थांबली, पुन्हा चालली. काम झाल्यावर त्यानं आपणहून फोन लावला, या वेळी हेडफोन न शोधता. "मृण्मयी, ओळ काढलीय. कारण विचारलंस ना? त्या बातमीतले शिवप्रसाद माझे वडील."

मग ती म्हणाली, "मला कळवावं लागेल, निशांत."

"कळव."

बदल लागू व्हायला थोडं थांबावं लागलं. इंदिराबाईंनी कॉफी टाकली. कुणी प्यायलं नाही. सुमा आपल्या फोनवर एकेक अक्षर शोधून दाबत राहिली. आणि पान आलं. वर फोटो होता. कारखान्याच्या दारात दोघं उभे, कोपरापर्यंत हात निळे, कृष्णमूर्ती कशाला तरी हसतोय. सुमानं फोन इंदिराबाईंपुढं धरला. त्यांनी काच पदरानं पुसली, स्वच्छ होती तरी, आणि आधी तिच्या नवऱ्याचा चेहरा बघितला, मग आपल्या पोराचा.

इंदिराबाई कुणाला फाटकापर्यंत सोडायला जात नसत. त्या दिवशी गेल्या, आणि रस्त्यावर सुमाची रिक्षा वळेपर्यंत उभ्या राहिल्या.

परत आल्या तेव्हा निशांत तिथंच बसलेला. "चूक झाली, आज्जी," तो म्हणाला. "बाबांचीही झाली होती, माझीही झाली."

"बापाच्या रांगेत बसू नकोस," इंदिराबाई म्हणाल्या. "त्याची चूक होती. घाईत केली आणि जिवानिशी गेला. तू पोटभर जेवून, पंख्याखाली बसून, मेलेल्या माणसाचं चांगुलपण झाकून टाकलंस. आणि वर नाव माझं पुढं केलंस."