देवी येईना

चैत्या भगताने ताडीचा आणखी एक पेला रिचवला, तरी त्याचं डोकं लख्ख जागं होतं.

"ताडी आहे का ताक, भगत?" कोणीतरी चेष्टा केली.

गेल्या वर्षी अख्ख्या वारली पाड्याला नशेविरुद्धची लस टोचली होती. तेव्हापासून कोणाला काहीच चढत नव्हतं. बायका खूश होत्या. भगतालाही चढणार नाही, आणि चढल्याशिवाय त्याच्या अंगात देवी येणार नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढलेला लग्नाचा चौक कापडाने झाकला होता. भगताच्या अंगात देवी येऊन तिने सांगितलं की मगच ते कापड निघायचं आणि लग्न लागायचं. नवरी मंजी सकाळपासून हळदीच्या अंगाने ताटकळत होती.

"खोटंखोटं घुम ना रे," मंजीची आई भगताच्या कानाशी लागली. "पोरीचं लगीन मोडंल."

मग चैत्या घुमला, अगदी हुबेहूब. "काढा कापड," तो गरजला. कापड निघालं, सगळ्यांनी हात जोडले.

मंजी धावत येऊन त्याच्या पाया पडली. "देवी आई, नवरा मला मारणार नाय ना? खरं सांग."

चैत्याने मनातल्या मनात देवीला खूप हाका मारल्या. आत तो एकटाच होता, आणि मंजी त्याच्या तोंडाकडे बघत होती.