हातच्या कांकणाला आरसा

लेकीचा चुडा भरून झाल्यावर कासारीणकाकूंनी उषाताईंसाठी न विचारताच पावणेतीनच्या बांगड्या काढल्या.

"सव्वादोनच्या काढा," उषाताई म्हणाल्या.

"अगं, फुटतील! तुझ्या आईला पन्नाशीत याही चढत नव्हत्या. बोटांच्या नुसत्या गाठी झाल्या होत्या."

ते उषाताईंनी जवळून पाहिलं होतं. आईने जन्मभर मिश्री लावली. हिरड्यांतून रक्त यायचं, पण हिरड्यांचा बोटांशी काय संबंध, असंच तेव्हा घरात सगळे म्हणत. उषाताईंच्या बेसिनवरच्या, दात-हिरड्या तपासून बोलणाऱ्या नव्या स्मार्ट आरशाने मात्र एका सकाळी त्यांच्या हिरड्या पाहून बजावलं, "इथले जंतू तुमच्या शरीराला भुलवतायत. उद्या ते आपल्याच सांध्यांवर उठेल. बोटं हवी असतील, तर आधी हिरड्या सांभाळा."

आईसारखीच सवय लागलेल्या उषाताईंची मिश्रीची डबी त्याच दिवशी उकिरड्यावर गेली. तलफ आली की उषाताई आरशासमोर जाऊन आ करून उभ्या राहायच्या. घरचे हसायचे. हसू देत.

काकूंनी त्यांचा पंजा दाबून मिटवला. कुठे गाठ नाही, कळ नाही. सव्वादोनच्या बांगड्या एकामागून एक सरसर मनगटावर गेल्या.

"लोण्यासारखा हात गं बाई!" काकू थक्क झाल्या.

लेकीने कौतुकाने आरसा पुढे धरला. "आई, बघ तरी!"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" काकू हसल्या.

उषाताईंनी ताठ मानेने हात किणकिणवला. "लागतो, काकू. आरसा नसता, तर हे कांकणच चढलं नसतं."