परीक्षेपुरतं

पासवर्ड बरोबर होता. तो घातला की पडद्यावर क्षणभर मुलीनं लावलेलं निळं चित्र यायचं, त्यावर फाइली उमटायला लागायच्या आणि लगेच सगळं गायब होऊन पुन्हा पासवर्डाची चौकट समोर यायची.

"बघितलंत?" वडील म्हणाले. "आत घेतो आणि तसाच हाकलून देतो. मी बंद करून पाहिला, वायरी काढून पुन्हा लावल्या, कीबोर्ड उलटा करून झटकला."

"झटकून काय मिळालं?" कम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं विचारलं.

"बिस्किटांचा चुरा," वडील म्हणाले. "बराच होता."

ते हसायला गेले आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. दुरुस्तीवाल्यानं मान खाली घातली. मुलगी शाळेतून सायकलवर घरी येताना अपघातात गेली, हे त्यांनी त्याला फोनवरच सांगितलं होतं. जी गोष्ट सांगायला माणूस दहादा अडखळेल, ती त्यांनी पत्ता सांगावा तशी सांगून टाकली होती.

डिस्क भरली की असं होतं, म्हणून त्यानं आधी ती पाहिली. ती निम्मी रिकामी होती. मग त्यानं एक नवं खातं उघडून पाहिलं. ते मुकाट्यानं उघडलं आणि उघडंच राहिलं.

"म्हणजे मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "भानगड फक्त मुलीच्या खात्यात आहे. असं करू, तिच्या फाइली मी बाहेरून काढून देतो. लगेच होईल."

"फाइली नकोत."

आई दारात उभी होती. ती तिथे कधी येऊन उभी राहिली, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"तिनं जसं ठेवलंय तसं बघायचंय मला," ती म्हणाली. "लोक म्हणाले, आवरा, म्हणजे त्रास कमी होईल. कपाट आवरलं, टेबल आवरलं. आता न आवरलेलं तिचं एवढंच राहिलंय. मी पासवर्ड घालते, तेव्हाही असंच होतं. मला बघूनच बाहेर काढते. रागावलीय माझ्यावर."

"काहीतरीच काय बोलतेस!" वडील म्हणाले.

"मशीनला राग कुठला येतोय काकू," दुरुस्तीवाला म्हणाला. एरवी असली वाक्यं ऐकून तो गिऱ्हाइकांची चेष्टा करायचा. आज त्याला तसं काही सुचलं नाही. मशीन स्वतः काय काय करतं याची नोंद ठेवतं, ती उघडून तो वाचत बसला. बऱ्याच वेळानं त्यानं खुर्ची मागे सारली.

"सापडलं. बिघडलेलं काहीच नाही. मुलांनी रोज किती वेळ बसायचं ते ठरवायचा प्रोग्रॅम आहे यात. तिची रोजची वेळ शून्य ठेवलीय. आत गेलं की वेळ संपली म्हणून तो बाहेर काढतो. कुणी केलंय हे?"

"आमच्याकडे कुणाला येतंय एवढं?" वडील म्हणाले. "मला टीव्हीचा रिमोट धड..." त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं आणि ते थांबले. ती पलंगाच्या कडेला बसली होती.

"तिच्या मामानं बसवून दिलं होतं," ती म्हणाली. "माझ्या खात्यात आकडा कुठे घालायचा तेवढं मला शिकवलं होतं. चाचणीत मार्क गेले म्हणून मी शून्य घातला. परीक्षेपुरतं. परीक्षा होऊन गेल्या, तिच्या मैत्रिणींचे निकालसुद्धा लागले. मला वाटलं, आता आपोआप सुटलं असेल."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही लगेच पाघळला असता."

ते खरं होतं. वडिलांना रागवायचं होतं, पण तेवढा जोर आता अंगात नव्हता. ते तिच्या शेजारी जाऊन बसले.

"ते तुमच्या खात्यातून काढता येईल काकू," दुरुस्तीवाला म्हणाला. "या, तुमचा पासवर्ड घाला."

ती उठून कीबोर्डापुढे बसली. पासवर्ड एकदा चुकला. मग खातं उघडलं आणि त्यात एकाखाली एक, पडदा भरून खाली सरकत जाईल इतक्या ओळी होत्या. प्रत्येक ओळीत तेच शब्द होते: अजून वेळ हवा आहे. प्रत्येक ओळीपुढे दोन बटणं होती, परवानगी द्या आणि नाकारा.

"हे काय?"

"मुलांच्या बाजूला, पासवर्डाच्या चौकटीच्या कोपऱ्यात, वेळ मागायचं एक बारीक बटण असतं. त्यांनी ते दाबलं की इथे येऊन पडतं." तो अडखळला. "तुम्ही हे खातं मधे उघडलंच नसेल."

"मला काय ठाऊक, इथे येतं ते!" आईचा आवाज फुटला. "आधी तोंडानं विचारायची, भंडावून सोडायची. मग एकदम विचारायचीच थांबली. मला वाटलं, पोर शहाणी झाली. चारजणींना कौतुकानं सांगितलं मी."

वडिलांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ते राहू द्या," दुरुस्तीवाला हळूच म्हणाला. "वर मर्यादा काढायचं बटण आहे. ते एकदा दाबलं की झालं, तिचं खातं उघडेल."

आईनं माऊस त्याच्या हातातून घेतला. पण ती वर गेली नाही. यादीच्या तळाशी, सगळ्यात जुन्या ओळीपर्यंत गेली आणि तिच्यापुढचं परवानगीचं बटण दाबलं. ओळ नाहीशी झाली. मग तिनं तिच्यावरच्या ओळीचं दाबलं, मग तिच्याही वरच्या ओळीचं.

"काकू, एकेक करायची गरज नाही हो."

"थांबा जरा," आई म्हणाली. तिनं डोळे पुसले नाहीत, पुढचं बटण दाबलं. "दरवेळी विचारलंय तिनं."