छ कोणाचा?

पनवेलच्या बैठकीत शिक्षक संघटनेने ठरवलं, झेडपीच्या शाळा वाचवू म्हणणाऱ्या अपक्षालाच पाठिंबा द्यायचा. त्याची निशाणी छत्री. अल्फिया मॅडमनी भीत भीतच हात वर केला आणि नेमका त्याच क्षणाचा फोटो गावभर फिरला. आचारसंहितेत सरकारी शिक्षकाने प्रचार केला तर थेट निलंबन, आणि त्यांना तर नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं.

सकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला, "मॅडम, तहसीलचे साहेब तुमचाच वर्ग बघायला येतायत."

मॅडमनी आधी मोबाइलमधला फोटो उडवला. मग भिंतीवरच्या तक्त्यात 'छ छत्रीचा' दिसला, त्यावर कोरा कागद चिकटवला. पहिलीच्या पोरांना दम भरला, "साहेब जाईपर्यंत कुणी छत्रीचं नाव काढायचं नाही. माझी नोकरी जाईल!"

साहेब आले. पंखा लावून बघितला, खिडक्या बघितल्या. म्हणाले, "मतदान केंद्रासाठी खोली बघायची होती. छान आहे."

या अल्लाह, एवढंच होतं! मॅडमच्या जिवात जीव आला.

निघता निघता साहेब तक्त्यापाशी थांबले. पहिल्या बाकावरच्या समृद्धीला त्यांनी कौतुकाने विचारलं, "च चमच्याचा. मग छ कोणाचा गं?"



"छ कोनाचाच नाय, साहेब. नायतर आमच्या मॅडमची नोकरी जाईल."