दादांचं मूत्रपिंड

धाकटीला मुलगी झाली त्याच वर्षी तिच्या नवऱ्याच्या पोटात त्याच्या थोरल्या भावाचं, दादांचं, मूत्रपिंड बसलं. धाकटी बाळंतिणीच्या खाटेवर होती. म्हणून लांबच्या मोठ्या इस्पितळात त्याला दादाच घेऊन गेले, आणि पथ्यपाणी, धुणं बघायला दादांची बायको, थोरली जाऊ, गेली. नवरा तेव्हा शुद्धीत असून नसल्यासारखाच. गेले तिघं, आले दोघं. थोरलीला तिथे ताप भरला, असं दादांनी उंबऱ्यातच सांगितलं.

आता ती मुलगी कॉलेजात जात होती, आणि दादा रोज दुपारी जेवायला येत होते.

दादांनी जन्मभर लिलावात बोली पुकारली होती. तो आवाज काही गेला नव्हता. आल्या आल्या ते भावाचं पोट सदऱ्यावरून चाचपत.

"माल ठीक आहे ना? दिलेला माल माणसाने जपून वापरावा."

मग स्वतःच्या कमरेवर थाप मारत आणि पानावर बसत. दातांची कवळी काढून ताटाशेजारी ठेवत. हिरड्यांनी हाड चोखत, चोखलेलं पुन्हा वाटीत टाकत, बोटं टेबलावरच्या कापडाला पुसत. कवळीला सकाळचं अन्न चिकटलेलं असे. ती धुवायचं काम धाकटीचं. दोन बोटांत धरून, तोंड फिरवून ती धुवायची. ज्याने आपला अवयव काढून दिला, त्याची कवळी धुवायला काय झालं?

"तुझ्या नवऱ्यापायी माझी बायको गेली," दादा चोखता चोखता म्हणत. "रस्सा वाढ अजून."

धाकटा गळकी छपरं दुरुस्त करायचा. परकं मूत्रपिंड अंगाने फेकून देऊ नये म्हणून रोज गोळ्या. त्या गोळ्यांनी अंगातल्या पहाऱ्यावरच्या पेशी पेंगत राहायच्या. त्यात छपरावरचं ऊन. टाळूवर एक खपली धरली, ती फुटली, तिची गाठ झाली. कापून झालं, किरणं देऊन झाली. गाठ पुन्हा वर आली, आणि तिला वास सुटला. कुजलेल्या बटाट्यांचं पोतं उघडावं तसा. धाकटी ती जखम रोज पुसायची. तिची तिला किळस आली नाही. नवऱ्याचीच होती ती.

दादा मात्र नाकाला रुमाल लावून म्हणाले, "याला परसात जेवायला बसवा."

डॉक्टरीणबाईंनी एक औषध सांगितलं. सलाइनमधून द्यायचं.

"पहाऱ्यावरच्या पेशीच्या अंगावर ब्रेक असतो," त्या म्हणाल्या. "पेशीने आपल्याच माणसाला चावू नये म्हणून. ही लबाड गाठ त्या ब्रेकवर पाय देऊन बसली आहे. औषधातल्या अँटिबॉडीज जाऊन ब्रेकवर झाकण घालतात. गाठीचा पाय तिथवर पोचतच नाही. औषध स्वतः काही मारत नाही. मारतात त्या यांच्याच पेशी."

"मग द्या ना."

"ब्रेक सुटला की त्या मूत्रपिंडालाही ओळखतील. परकं म्हणून. कुणाचं आहे?"

"सख्ख्या भावाचं. पूर्ण जुळलेलं."

"मग भीती कमी. तरी त्यांचं थोडं रक्त मिळालं तर तपासून बघू."

दादांनी ऐकलं आणि वाटी आदळली. "आधी अवयव, आता रक्त! उद्या कातडं सोलायला याल! आणि ते औषध द्यायचं नाही. माझी वस्तू आहे ती. माझ्या परवानगीशिवाय कुणी हात लावायचा नाही."

धाकट्याने मान खाली घातली. "दादा नको म्हणाले तर नको."

"अहो, तुम्ही जाल ना!"

"अगं, त्यांचंच देणं आहे. आजवर जगलो ते त्यांच्यामुळे."

"बरं. मग तुम्ही गेल्यावर ते मूत्रपिंड त्यांना परत करते. ताटात वाढू की वाटीत?"

धाकटा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, आणि हसता हसता रडला. दुसऱ्या दिवशी दोघं इस्पितळात गेली. दादांना सांगितलं नाही.

दादांना कळलं तेव्हा ते चौकातून ओरडत आले. "हरामखोर! खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात!" थुंकी धाकटीच्या गालावर उडाली. तिने ती पदराने पुसली आणि तो पदर धुवायला टाकला.

गाठ सुकू लागली. वास गेला. एका सकाळी शेवटची खपली उशीवर सुटून पडली आणि खाली कोवळी, गुलाबी कातडी दिसली.

पण धाकट्याचं तोंड सुजलं. लघवी आटली. श्वासाला मुतारीसारखा दर्प येऊ लागला. डॉक्टरीणबाईंनी सुईने मूत्रपिंडाचा कण काढला, तपासायला पाठवला आणि त्याला डायलिसिसच्या यंत्राला लावलं. जीव वाचला.

"मूत्रपिंड गेलं," त्यांनी धाकटीला बाहेर बोलावून सांगितलं.

धाकटीला रडू फुटलं. "आता दादांना कुठल्या तोंडाने सांगू? त्यांनी एवढं दिलं, आणि मी..."

"थांबा. सख्ख्या भावाचं, पूर्ण जुळलेलं मूत्रपिंड पेशी इतक्या त्वेषाने सहसा खात नाहीत. मला शंका आली, म्हणून तो कण नीट तपासून घेतला. ते पुरुषाचं नाही. बाईचं आहे."

धाकटीने बोटांवर दिवस मोजले.

थोरली जाऊ वारली होती ती ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे.