दुखापतीचे कारण

लिफ्ट कोसळून इंदुमती शेवाळकर यांचा मणका मोडला. वैद्यकीय नोंदीत मात्र दुखापतीचे कारण 'नोकरीतील काम' असे होते. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली होती.

"रुग्णालयाच्या यंत्राने तुमच्याच तोंडून ऐकून ही नोंद केली आहे," लिफ्टच्या विमा कंपनीचे वकील न्यायालयात म्हणाले. "यंत्राला कुणाची कीव येत नाही, बाई. भरपाई विसरा."

"मग लिफ्टबरोबर काय तुमचं यंत्र पडलं?" इंदुमतीबाई खवळल्या. "ऐकवा माझं बोलणं!"

न्यायाधीशांनी ध्वनिमुद्रण लावायला सांगितले. स्ट्रेचरवर त्या कण्हत होत्या, "डॉक्टर, माझी पाठ कामातून गेली हो!"

'कामातून गेली' म्हणजे निकामी झाली. यंत्राने त्याचा अर्थ 'कामामुळे गेली' असा लावून तोच नोंदवला होता.