कॉलिन मार्शचं खरं नाव

“आठ नाही... नऊ नाही,” म्हणून रब्बी योनातन थांबले. माणसं आकड्यांनी मोजली तर दृष्ट लागते, म्हणून आम्हां ज्यू लोकांत असं ‘नाही’ लावून मोजतात. पण ‘नाही’ लावलं म्हणून नवाचे दहा थोडेच होतात?

मागच्या जूनपर्यंत लंडनच्या या वृद्धाश्रमात प्रार्थनेला दहा पुरुष कसेबसे जमायचे. या मंगळवारी त्यांतला रोझनर वारला, नऊच उरले. आम्ही सात बायका मागच्या बाकावर बसलो होतो, पण मोजताना आम्हांला कोण धरतंय! आणि दहा पुरुष नसले, तर गेलेल्या माणसासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणता येत नाही.

“मिस्टर हॉवर्थ, पुढच्या आठवड्यात म्हणू या,” रब्बी म्हणाले.

“माझा दोस्त आजच्याच तारखेला गेला,” एडविन हॉवर्थ म्हणाला. “पुढच्या आठवड्यात नाही.”

एडविन चौऱ्याण्णव वर्षांचा. गेल्या रविवारी मेयरबाई येऊन त्याच्या कोटावर पदक लावून गेल्या, तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. केक होता ना! आज तोच कोट घालून तो वॉकर ठोकत शेजारच्या खोलीकडे निघाला. तिथं झेलिग प्रागर राहतो. दार उघडंच होतं, आम्हांला सगळं ऐकू येत होतं.

“झेलिग, एक माणूस कमी पडतोय.”

“मी देवाशी बोलत नाही. चव्वेचाळीस सालापासून.”

“बोलू नकोस. नुसता येऊन बस.”

“कोणासाठी? तुझ्या त्या इंग्रज दोस्तासाठी? त्याच्या थडग्यावर तर क्रॉस आहे म्हणे!”

क्रॉस आहे, खोटं नाही. एडविन आणि तो दोस्त, दोघंही जर्मनीतून एकेकटे पळून आलेले ज्यू पोरगे. महायुद्धात ब्रिटिश सैन्यात गेले, तेव्हा साहेबानं बजावलं, संध्याकाळपर्यंत इंग्रज नाव शोधा. आपल्या नावानं जर्मनांच्या हाती लागलात, तर जिवंत सुटणार नाही. गळ्यातल्या बिल्ल्यावर धर्मही ख्रिस्ती घातला. दोस्तानं एका दुकानाच्या पाटीवरचं नाव उचललं, कॉलिन मार्श. नॉर्मंडीत तो पडला आणि त्याच नावानं क्रॉसखाली गेला. तक्रार करायला घरचं कोणी उरलंच नव्हतं. खरं नाव जपून ठेवणारा जगात एकटा एडविन.

“क्रॉस आहे म्हणूनच,” एडविन म्हणाला. “वर्षातून एकदा तरी त्याला त्याच्या नावानं हाक मारायला नको?”

“तुमच्या हातात बंदुका तरी होत्या, साहेब. छळछावणीत गेलेल्या माझ्या घरच्या एकोणीस जणांसाठी कोण जमलं?”

“तू नावं सांग. मी जमवतो.”

चाकांच्या खुर्चीची करकर ऐकू आली. मग झेलिग नर्सवर ओरडला, “मारिसेल, ढकल ही खुर्ची! आणि प्रार्थनेच्या खोलीच्या दाराशीच थांब. मी पाठ फिरवून बसणार आहे.”

पाठ तर पाठ. रब्बींनी घाईघाईनं मोजलं, “दहा नाही!” आणि पुस्तक उघडलं. “नाव सांगा, मिस्टर हॉवर्थ.”

“कॉलिन मार्श.”

“ते सैन्यातलं. खरं?”

एडविननं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

“तो... डावखुरा होता,” तो म्हणाला. “झोपेत शिट्टी वाजवायचा. पाटी चपलाबुटांच्या दुकानाची होती, हिरवी...” त्यानं कपाळावर हात मारला. नाव येईना. त्र्याहत्तर वर्षं त्यानं ते तोंडात जपलं होतं, कागदावर कधी उतरवलं नव्हतं. तेव्हा उतरवायची बंदी होती, पुढं सवय झाली.

“असू दे हो. देवाला कळतं कोण ते,” कोणीतरी म्हणालं.

“देवाला कळून काय करू? ते मला सांगायचंय!” एडविन लहान मुलासारखा रडायला लागला. “क्रॉसखाली त्यांनी पुरला तो पुरला. आज मीच पुरला त्याला.”

आम्ही बायका खाली मान घालून बसलो. दर जूनला तो ते नाव घ्यायचा, पण आमच्यातल्या कोणीच ध्यानात ठेवलं नव्हतं.

“कालमन.”

आवाज दारातून आला. झेलिग वळला नव्हता.

“यहीएल मोसबाखरचा मुलगा कालमन. सहा वर्षं दर जूनमध्ये भिंतीपलीकडून ऐकतोय. दुपारचा डोळा लागू देत नाहीस मेल्या.”

“कालमन,” एडविन म्हणाला. मग पुन्हा एकदा, अगदी सावकाश, “कालमन.” वॉकर घट्ट धरून तो उभा राहिला आणि त्यानं सगळा कद्दीश एका दमात म्हटला. आठ जणांनी आमेन म्हटलं. झेलिगनं नाही म्हटलं.

मंडळी चहाला गेली. मी पुस्तकं गोळा करत होते. एडविन दाराशी खुर्चीपाशी थांबला. त्याला आभार मानायचे होते.

“आणि तुझं?” झेलिगनं विचारलं.

“माझं काय?”

“नाव. हॉवर्थ म्हणून काही तू जन्मला नाहीस.”

किती वर्षांत कोणी विचारलं नसेल त्याला हे! मेयरबाईंनीही नव्हतं विचारलं. एडविननं इकडंतिकडं पाहिलं, साहेबानं ऐकलं तर काय, असं. मग तो वाकून झेलिगच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं नाही.

“मोठ्यानं बोल,” झेलिग म्हणाला. “मला भिंतीपलीकडून ऐकायची सवय आहे.”